हॅम्बर्गचा लाडका, हॅम्बर्गचा कैदी

समजा, तुम्ही बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी परदेशातल्या एका शहरात गेलात. संध्याकाळी वेळ जावा म्हणून तिथल्या क्लबात फुटबॉल खेळायला लागलात. आणि दोन वर्षांत तुम्ही त्या देशाचे चॅम्पियन! पोरं तुमचं नाव घेऊन ओरडतायत, ट्राममध्ये लोक ओळखतायत. मग वीसेक वर्षांनी त्याच शहराच्या वेशीवरच्या छळछावणीत तुम्हाला कैदी म्हणून आणलं जातं.

सिनेमाची स्टोरी वाटते ना? हे आस्ब्यॉर्न हाल्व्होर्सनचं आयुष्य आहे. नॉर्वे म्हटलं की आपल्याला हालांड आठवतो, फार तर ओडेगार्ड. त्यात आपली चूक नाही, कारण हाल्व्होर्सन गेला 1955 साली. पण आज हॉस्टेलवर रात्र जागवून मॅच बघणाऱ्या प्रत्येकाला हा माणूस माहीत असायला हवा, असं मला ही गोष्ट वाचल्यापासून वाटतंय.

त्याचा जन्म 3 डिसेंबर 1898 चा, नॉर्वेच्या आग्नेय भागातल्या सार्प्सबोर्ग या गावातला. सगळे त्याला ‘आस्सी’ म्हणायचे. 1917 मध्ये, म्हणजे अजून एकोणीसही पूर्ण नव्हती तेव्हा, त्याच्या क्लबनं नॉर्वेचा कप जिंकला. पुढच्याच वर्षी तो देशाकडून खेळायला लागला. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये नॉर्वेनं ग्रेट ब्रिटनला 3-1 हरवलं, त्या संघातही तो होता. फुटबॉल ज्यांनी जगाला शिकवला त्यांना हरवलं, म्हणजे विचार करा!

1921 मध्ये तो हॅम्बर्गला गेला, पण फुटबॉलसाठी नाही. जहाजमालक आणि माल पाठवणारे यांच्यात व्यवहार जुळवून देणाऱ्या दलालाचं काम शिकायला. तेव्हा जर्मनीत फुटबॉलचे पैसे मिळत नसत, सगळे नोकरी सांभाळून खेळायचे. हॅम्बर्गर एसव्ही या क्लबात तो ‘सेंटर हाफ’ म्हणून उभा राहिला. आजच्या भाषेत सांगायचं तर मिडफिल्डचा मेंदू. मागून बॉल घ्यायचा, पुढे वाटायचा, आणि अख्ख्या टीमची लय सांभाळायची.

पहिल्याच सीझनची फायनल ऐका. 18 जून 1922, बर्लिन, समोर न्यूर्नबर्ग. स्कोअर 2-2. पेनल्टी शूटआउट नावाचा प्रकार तेव्हा नव्हताच, त्यामुळे गोल होईपर्यंत खेळत राहायचं. खेळले, खेळले, 189 मिनिटं खेळले. शेवटी अंधार पडला म्हणून मॅच थांबवली. ऑगस्टमध्ये लाइपझिगला रिप्ले झाला, तिथे 1-1 असताना न्यूर्नबर्गचे मैदानावर सातच खेळाडू उरले. कोणी जखमी, कोणी बाहेर काढलेले. ही मॅचही अर्धवट! फेडरेशननं विजेतेपद हॅम्बर्गला दिलं, पण क्लबनं ते शेवटी स्वीकारलं नाही. 1922 चा जर्मन चॅम्पियन कोण, तर कोणीच नाही. पुढच्या वर्षी मात्र हॅम्बर्गनं फायनल 3-0 नं मारली आणि 1928 मध्ये हेर्था बर्लिनला 5-2 नं. दोन्ही टीममध्ये हाल्व्होर्सन होता.

आणि दोन्ही टीममध्ये ऑटो हार्डरही होता. हे नाव लक्षात ठेवा. हार्डर म्हणजे गोलांची मशीन, शहराचा सुपरस्टार. हाल्व्होर्सननं मिडफिल्डमधून बॉल द्यायचा, हार्डरनं पुढे तो जाळ्यात घालायचा. त्याचं टोपणनाव ‘टल’, आणि ते पडलं होतं टॉटनहॅमच्या वॉल्टर टल या कृष्णवर्णीय खेळाडूवरून. ही माहिती पुढे टोचणार आहे.

1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी हाल्व्होर्सनची हॅम्बर्गमधली कारकीर्द संपली आणि तो नॉर्वेला परतला. हार्डर त्याच वर्षी एसएसमध्ये भरती झाला. नाझी पक्षात तर तो आधीच गेला होता.

नॉर्वेत हाल्व्होर्सन फुटबॉल संघटनेचा सरचिटणीस झाला आणि राष्ट्रीय संघाची जबाबदारीही त्याच्याकडेच आली. म्हणजे ऑफिसात पत्रं लिहिणारा आणि मैदानावर टीम उभी करणारा माणूस एकच! आता कोणाला सांगितलं तर हसेल. त्यानं हाताखाली घेतलेले सगळे हौशी खेळाडू होते. कॅप्टन यॉर्गन यूवे पत्रकारिता करायचा (आमच्या कोर्सवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही). डाव्या बाजूला आर्ने ब्रुस्टाड होता.

ही टीम घेऊन तो 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला गेला. हे तेच ऑलिंपिक, जिथे ध्यानचंदच्या संघानं हॉकीत जर्मनीला धुतलं आणि आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळ दाखवायला गेलं होतं. फुटबॉलमध्ये जर्मनीनं लक्झेंबर्गला 9-0 हरवून सुरुवात केली. पुढे नॉर्वे. जर्मनांना एवढी खात्री, की त्यांनी काही मुख्य खेळाडू पुढच्या मॅचसाठी राखून ठेवले.

7 ऑगस्ट, पोस्टस्टाडिऑन. हिटलर स्वतः आलेला, सोबत गोबेल्स आणि इतर बडी मंडळी. सातव्याच मिनिटाला मागनार इसाक्सननं गोल केला. मग तासाभराहून जास्त वेळ जर्मनी धडका मारत राहिली आणि नॉर्वेचा बचाव काही फुटला नाही. 83 व्या मिनिटाला पुन्हा इसाक्सन. 2-0. हिटलर मॅच संपायच्या आधीच उठून गेला. मला विचाराल तर यात नशीब कमी आणि हाल्व्होर्सन जास्त होता. जो माणूस बारा वर्षं जर्मन मैदानांवर घाम गाळून आला, त्याला त्या खेळाची नाडी ठाऊक असणारच. या पराभवानंतर जर्मन कोच ओटो नेर्झचे दिवस भरले आणि त्याच्या जागी आला सेप हेरबर्गर. याचंही नाव पुढे लागेल.

सेमीफायनलला इटलीनं नॉर्वेला एक्स्ट्रा टाइममध्ये 2-1 हरवलं. ब्राँझच्या मॅचमध्ये पोलंड 3-2 नं गारद, तिन्ही गोल ब्रुस्टाडचे. नॉर्वेत आजही ही टीम ‘ब्राँझ टीम’ म्हणून ओळखली जाते. 1938 च्या वर्ल्ड कपला मार्सेलमध्ये पुन्हा इटली, पुन्हा एक्स्ट्रा टाइम, पुन्हा 2-1. ती इटली पुढे वर्ल्ड कप घेऊन गेली. नॉर्वेला मात्र पुढच्या वर्ल्ड कपसाठी थेट 1994 पर्यंत थांबावं लागलं.

इथवरची गोष्ट कुठल्याही चांगल्या कोचची असू शकते. पुढची नाही.

9 एप्रिल 1940 ला जर्मनीनं नॉर्वेवर हल्ला केला. थोड्याच महिन्यांत नव्या सत्तेनं फर्मान काढलं, की सगळ्या क्रीडा संघटना मोडून सरकारच्या ताब्यातली एकच संघटना करायची. वरवर बघितलं तर यात काय एवढं? लीग तीच, ग्राउंड तेच, बॉल तोच. लेटरहेड फक्त बदलणार. खेळाडूंना खेळायला मिळणार होतं, आणि हाल्व्होर्सनसारख्या नावाजलेल्या, जर्मन बोलणाऱ्या, हॅम्बर्गनं डोक्यावर घेतलेल्या माणसाला तर मोठी खुर्चीही मिळाली असती.

त्यानं आणि बाकीच्या क्रीडा नेत्यांनी उलटं केलं, खेळच बंद केला. इतिहासात याला ‘क्रीडा संप’ म्हणतात. खेळाडूंनी अधिकृत स्पर्धांवर बहिष्कार टाकला, आणि प्रेक्षकांनीही. सरकारनं जमवलेल्या मॅचेस रिकाम्या स्टँडसमोर व्हायला लागल्या. आणि त्याच वेळी रानात, आडबाजूच्या मैदानांवर गुपचूप स्पर्धा चालायच्या. हा संप 1945 पर्यंत टिकला. तुम्ही विशीत आहात, फॉर्मात आहात, आणि सगळी उमेदीची वर्षं तुम्ही अधिकृत मॅच खेळायचीच नाही. मी फक्त कॉलेज टीमच्या राखीव बाकावर बसलोय, तरी हे वाचून पोटात गोळा आला.

हाल्व्होर्सन या प्रतिकाराच्या मध्यभागी होता, त्यामुळे अटक ठरलेलीच होती. 1942 च्या ऑगस्टमध्ये त्याला उचललं. आधी ओस्लोजवळची ग्रिनी छावणी, मग 1943 मध्ये अल्सासमधली नात्सवाइलर. तिथे ग्रॅनाइटच्या खाणीत कैद्यांना मरेपर्यंत राबवलं जाई. त्याच्यासारख्यांना ‘रात्र आणि धुकं’ या हुकुमाखाली ठेवलं होतं. म्हणजे माणूस गायबच करायचा, पत्र नाही, निरोप नाही, घरच्यांना जिवंत की मेला हेही कळू द्यायचं नाही. छावण्या बदलत बदलत 1945 मध्ये तो नॉयनगामेला पोहोचला. हॅम्बर्गच्या कडेला.

आणि ऑटो हार्डर? तो याच नॉयनगामे छावणीत एसएसचा पहारेकरी होता. हाल्व्होर्सन आला त्याआधीच त्याची बदली हानोव्हरजवळच्या आलेम छावणीवर झाली होती, तिथला प्रमुख म्हणून. एकानं दिलेल्या पासवर दुसऱ्यानं गोल मारले ते हे दोघं. एकच ड्रेसिंग रूम, एकच जर्सी, आणि त्याच छावणीत एक बंदूक घेऊन राहिला, दुसरा कैद्याच्या पट्ट्यांत. 1947 मध्ये ब्रिटिश लष्करी कोर्टानं हार्डरला युद्धगुन्ह्यांसाठी पंधरा वर्षांची शिक्षा दिली. 1951 मध्ये तो सुटलासुद्धा.

हाल्व्होर्सनची सुटका केली ती पांढऱ्या बसेसनी. स्वीडिश रेडक्रॉसनं वाटाघाटी करून बस पाठवल्या होत्या आणि त्यांनी स्कँडिनेव्हियन कैद्यांना छावण्यांतून बाहेर काढलं. तो वाचला, पण हाडांचा सापळा होऊन, आजारानं पोखरलेला. तब्येत पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही.

तरी तो परत त्याच टेबलाशी जाऊन बसला. सरचिटणीस. पाच वर्षं बंद पडलेला खेळ उभा करायचा होता. क्लब, रेफरी, वेळापत्रकं, सगळंच. त्याच्याच काळात 1948 मध्ये नॉर्वेची नवी मुख्य लीग सुरू झाली.

1954 च्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत नॉर्वेच्या गटात पश्चिम जर्मनी आली. ऑगस्ट 1953 मध्ये ओस्लोत 1-1. परतीची मॅच 22 नोव्हेंबरला, हॅम्बर्गमध्ये. जर्मनांचा कोच तोच, हेरबर्गर. नॉर्वे 5-1 नं हरली आणि जर्मनी पुढच्या वर्षी वर्ल्ड कप जिंकली. नॉर्वेच्या फुटबॉलचा सरचिटणीस तेव्हाही हाल्व्होर्सनच होता. म्हणजे ज्या शहरानं त्याला आधी खांद्यावर घेतलं आणि मग काटेरी तारांमागे टाकलं, तिथे खेळायला टीम पाठवण्याचा कारभार त्याच्याच ऑफिसचा.

त्यानंतर सव्वा वर्षानं, 16 जानेवारी 1955 ला, नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या नार्विक शहरात तो गेला. वय 56.

आणखी एक राहिलंच. 1974 चा वर्ल्ड कप जर्मनीत झाला, तेव्हा हॅम्बर्ग शहरानं एक माहितीपुस्तिका छापली. त्यात शहराच्या आदर्श फुटबॉलपटूंमध्ये ऑटो हार्डरचं नाव होतं. कोणाच्या तरी लक्षात आलं आणि छापून तयार असलेल्या प्रतींमधून ती पानं फाडून काढावी लागली.