कवट्या मोजायला बर्लिनला गेलेली मुलगी

तुमच्या ग्रुपमध्येही असं एक जण असेलच. आयईएलटीएस देऊन झालीय, एसओपी सातव्यांदा लिहून झालाय, कर्जाची फाईल बँकेत अडकलीय आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला हे सगळं अजून पटलेलंच नाही. केडगावातली माझी एक मैत्रीण सध्या याच चक्रात आहे. तिला जर्मनीला जायचंय. नगर-पुणे फेऱ्या मारून ती इतकी वैतागलीय की परवा तिला वाटायला लागलं, एवढे अडथळे जगात आपल्या एकटीलाच. मग मी तिला इरावती कर्वेंची गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

इरावती कर्वे म्हटलं की आपल्याला ‘युगान्त’ आठवतं. महाभारतातल्या माणसांवरचं, साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक. त्या स्कूटरवरून पुण्यात फिरायच्या, हेही कुठेतरी वाचलेलं असतं. पण मला त्यांच्या आयुष्यातली दोन वर्षं सांगायचीत, १९२८ ते १९३०. तेव्हा त्या आपल्यापेक्षा जेमतेम वर्षभराने मोठ्या होत्या. त्या वयाच्या मुलीला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही, म्हणून बर्लिनहून परत येईपर्यंत ती ‘ती’च.

जन्म ब्रह्मदेशातला, १९०५ चा. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला पाठवलं, हुजूरपागेत. म्हणजे घर सोडून राहण्याची सवय लहानपणीच लागलेली. पुण्यात ती रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढली. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बीए झाली, मग मुंबईला घुर्ये सरांकडे समाजशास्त्रात एमए. घुर्ये स्वतः केंब्रिजहून पीएचडी करून आलेले. इथवर सगळं सरळ चाललं होतं.

लग्न झालं ते दिनकर कर्व्यांशी. ते फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे आणि त्यांची स्वतःची डॉक्टरेट जर्मनीतली होती. बायकोनेही तिकडे जाऊन शिकावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. विरोध झाला तो सासऱ्यांकडून. आणि सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे! ज्यांनी विधवेशी लग्न करून समाजाचा रोष ओढवून घेतला, हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ उभं केलं, तेच. सुनेने एवढ्या लांब शिकायला जाणं मात्र त्यांना पसंत नव्हतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. नंतर वाटलं, हे आपल्याकडे आजही चालतंच की. पुण्यापर्यंत शिकवायला सगळे तयार असतात, अडतं ते त्याच्या पुढे.

पैशांचाही प्रश्न होता. तो सुटला डॉ. जीवराज मेहतांच्या कर्जाने. हेच मेहता पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. तेव्हा बँकेचं एज्युकेशन लोन नव्हतं, ओळखीतल्या माणसाचा विश्वास हेच तारण. सासऱ्यांचा नकार असतानाच १९२८ मध्ये ती बोटीने निघाली. नवरा पुण्यातच राहिला. व्हिडिओ कॉल सोडाच, पत्रसुद्धा बोटीनेच जायचं-यायचं. भाषा नवी, आणि प्रबंध त्याच नव्या भाषेत लिहायचा.

तिला प्रवेश मिळाला होता बर्लिनच्या डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत. ही संस्था सुरू होऊन वर्षच झालं होतं. माणसाची आनुवंशिकता आणि ‘वंशसुधारणा’ हे तिथले विषय. संचालक ऑयगेन फिशर, आणि तेच तिचे गाईड. विषयातलं मोठं नाव, पण कशासाठी मोठं? १९०८ मध्ये आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन त्यांनी गोरे आणि स्थानिक यांच्या मिश्र संततीची मोजमापं घेतली होती आणि त्यावरून अशा संबंधांच्या विरोधात निष्कर्ष काढले होते.

फिशरनी तिला काम दिलं कवट्यांचं. त्यांची कल्पना अशी: गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसते, आणि त्याच्या जास्त बुद्धीची खूण तीच. हे कवट्या मोजून तपासायचं. तिने १४९ कवट्या मोजल्या. त्यात युरोपातल्या होत्या तशाच जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. डावी बाजू, उजवी बाजू, आकडे, पुन्हा आकडे.

आकडे गाईडच्या बाजूने येईनात. कवट्या थोड्याफार वाकड्या असतात, पण सगळ्याच माणसांच्या. वंशाशी त्याचा संबंध दिसेना.

आता तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. डोक्यावर कर्ज आहे. घरी वाट बघणारा नवरा आहे, आणि नाराज सासरे आहेत. डिग्री ज्या माणसाच्या सहीवर अवलंबून, त्याचंच म्हणणं तुमचे आकडे खोडताहेत. चार कवट्या बाजूला ठेवल्या असत्या किंवा निष्कर्ष जरा गुळमुळीत लिहिला असता, तर पुण्यात कुणाला कळणार होतं? आपल्यातले किती जण प्रोजेक्टचा डेटा सरांना हवा तसा बसवतात, हे मी सांगायला नको. मीही बसवलाय, एकदा.

तिने जे आलं ते लिहिलं. कवटीची असमानता आणि वंश यांचा संबंध नाही. फिशरनी श्रेणी खालची दिली, पण पीएचडी मिळाली. साल १९३०. त्याच वर्षीच्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून थेट १०७ वर गेल्या. तीन वर्षांनी फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले.

परत आल्यावर इरावतीबाईंनी आधी सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात रजिस्ट्रार म्हणून काम केलं. मग १९३९ पासून डेक्कन कॉलेज. आपल्या नेवाशाला प्रवरेकाठी ज्यांनी उत्खनन केलं तेच हे डेक्कन कॉलेज. नातेसंबंधांवरचं त्यांचं मोठं पुस्तक १९५३ चं, आणि शेवटच्या वर्षांत त्यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. १९७० मध्ये त्या गेल्या. एक गोष्ट मात्र मला खटकते. कवट्यांवरून माणसाची लायकी ठरत नाही हे जिने दाखवलं, तिने मोजमापाची हत्यारं पुढेही खाली ठेवली नाहीत. इथे येऊन जातीजातींच्या माणसांची डोकी-नाकं मोजणं बरीच वर्षं चालू राहिलं. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली की जे शिकून आली तेच करणार ना. असेल. मला अजून पटलेलं नाही.

मैत्रिणीला बर्लिनमध्येच प्रवेश मिळाला, तर मी तिला एक पत्ता देणार आहे: इनेश्ट्रासे २२, डालेम. संस्थेची ती इमारत अजून उभी आहे. आता तिथे फ्री युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी राज्यशास्त्र शिकतात. २०१४ मध्ये जवळच खोदकाम चालू असताना माणसांची हाडं सापडली. पुढे रीतसर उत्खनन झालं, तेव्हा तुकडे भरले सुमारे १६ हजार. ती नेमकी कुणाची, हे शोधायचं नाही असं शेवटी ठरलं, कारण त्यासाठी ती पुन्हा मोजावी लागली असती. २०२३ च्या मार्चमध्ये डालेमच्याच दफनभूमीत ती पुरली.