भाभांचा संगणक आणि स्मृतीचे दोन कप्पे

खोपोलीच्या वीजघरातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा होमी भाभा पाच वर्षांचे होते. तो प्रकल्प तडीस नेणारे सर दोराबजी टाटा हे त्यांच्या आत्याचे यजमान. ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले भाभा इंजिनिअरिंग शिकायला केंब्रिजला गेले आणि भौतिकशास्त्रात रमले. १९३९ मध्ये ते सुट्टीवर आले असता महायुद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली.

अणुशक्तीमुळे भाभा सर्वांना ठाऊक आहेत. पण याच संस्थेत १९५० च्या दशकात संगणक बांधायला घेतला गेला, हे फारसे सांगितले जात नाही. त्या तरुण गटातील कोणीही आधी संगणक बांधलेला नव्हता. १९६० मध्ये यंत्र पूर्ण झाले; पुढे त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले.

टिफ्रॅकची अंतर्गत स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. एका बिटाला फेराइटची एक बारीक चुंबकीय कडी, म्हणजे तारांत ओवलेल्या सुमारे ८२ हजार कड्या! सगळे मिळून अवघे १० किलोबाइट. त्याहून जास्त मजकूर छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर राही. ही झाली बाह्य स्मृती: जागा भरपूर, पण वेग कमी.

आजच्या मायक्रोकंट्रोलरमध्येही हीच विभागणी आहे. आर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डावरील चिपच्या पोटात तीन कप्पे असतात. ३२ किलोबाइट फ्लॅशमध्ये प्रोग्राम राहतो. २ किलोबाइट रॅम ही चालू हिशेबाची पाटी. वीज गेली की ती कोरी होते. १ किलोबाइट ईईप्रॉममध्ये वीज गेल्यावरही टिकायला हवेत असे आकडे ठेवतात. पावसाळ्यात कर्जत-खालापुरात लाइट वरचेवर जाते, तरी डिजिटल मीटरचे रीडिंग पुसले जात नाही, ते अशाच टिकाऊ स्मृतीमुळे. महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी ठेवायच्या तर चिपबाहेर मेमरी कार्ड जोडावे लागते. ते स्वस्त आणि मोठे, पण प्रत्येक वाचनाला वेळ अधिक. म्हणून सतत लागणारे आत आणि साठवणीचे बाहेर, हा नियम.

१९६३ मध्ये सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. देशाने हे तंत्र स्वतः आत्मसात करावे, हा त्यांचा आग्रह होता. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लां पर्वतावरील विमान अपघातात ते गेले. वय अवघे ५६. मायक्रोकंट्रोलर बाजारात आला तो १९७० च्या दशकात. तो पाहायला भाभा नव्हते. पण संगणक स्वतः बांधून शिकलेली पिढी त्यांच्या संस्थेत तयार झाली होती.