ठेक्याचा जादूगार : सी. रामचंद्र

अक्कलकुवा : सातपुड्याच्या कुशीतील काठी गावची राजवाडी होळी पाहण्यासाठी दरवर्षी दूरदूरची माणसे येतात. डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधलेले नर्तक ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात. बाहेरून आलेल्या पाहुण्याला भिली बोलीतील गाण्यांचा अर्थ क्वचितच कळतो. पण ढोल घुमू लागला की त्याचेही पाय थिरकू लागतात. गाण्याचा आशय शब्दांत असतो तितकाच ठेक्यातही असतो, हे या डोंगरातल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. शहरी, सुशिक्षित रसिकाला मात्र ते मान्य करायला बराच काळ लागला. हिंदी चित्रपटसंगीतात ही गोष्ट ज्यांनी पुष्कळ टीका सोसून सिद्ध केली, ते संगीतकार व गायक म्हणजे सी. रामचंद्र, अर्थात रामचंद्र नरहर चितळकर.

पाश्चात्त्य देशांत १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘बबलगम पॉप’ नावाचा एक संगीतप्रकार बहरला. चटकन ओठांवर बसणारी चाल, लहान मुलांच्या खेळातले वाटावेत असे शब्द आणि सतत नाचता राहणारा ताल, ही त्याची लक्षणे. ‘द आर्चीज’चे ‘शुगर, शुगर’ हे त्यातले सर्वांत गाजलेले गाणे १९६९ मध्ये आले. त्याच्या बारा वर्षे आधी, १९५७ मध्ये, मुंबईत ‘ईना मीना डीका’ ध्वनिमुद्रित झाले होते. त्याचा कर्ता गोदाकाठच्या एका गावात जन्मलेला मराठी माणूस होता.

पुणतांब्याचा राम

रामचंद्र यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांबे येथे झाला. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध आहे. गाण्याची ओढ लहानपणापासूनच होती. नागपूरला शंकरराव सप्रे आणि पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन अशा गुरूंकडे त्यांनी रीतसर शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले. पुढे ज्यांच्यावर पाश्चात्त्य संगीताचे अनुकरण केल्याचा ठपका आला, त्यांचा पाया असा ग्वाल्हेर परंपरेतल्या तालमीचा होता.

चित्रपटात मात्र ते शिरले अभिनेता होण्यासाठी. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ (१९३५) या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळाली. पण चित्रपट चालला नाही. त्यानंतर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये त्यांनी किरकोळ भूमिका केल्या. अभिनयात आपले भवितव्य नाही, हे त्यांनी वेळीच ओळखले आणि त्याच संस्थेत बुंदू खाँ व हबीब खाँ या संगीतकारांच्या हाताखाली ते हार्मोनिअम वाजवू लागले. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती मुंबईत नव्हे, तर तमिळ चित्रपटांत. ‘जयक्कोडी’ (१९४०) व ‘वनमोहिनी’ (१९४१) हे ते चित्रपट.

याच काळात त्यांची मैत्री भगवान आबाजी पालव, म्हणजे आपल्या भगवानदादांशी जमली. गिरणगावातून आलेले भगवानदादा कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढीत. त्यांच्या ‘सुखी जीवन’ (१९४२) या चित्रपटाने हिंदीत रामचंद्रांचे नाव झाले. आडनावाचे आद्याक्षर पुढे लावून ‘सी. रामचंद्र’ हे नाव त्यांनी घेतले; गायक म्हणून मात्र ते ‘चितळकर’च राहिले. त्यामुळे चितळकर आणि सी. रामचंद्र या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, असे कित्येक श्रोत्यांना बरीच वर्षे वाटत असे.

शिट्टी, सॅक्सोफोन आणि रंगूनचा टेलिफोन

मुंबईच्या हॉटेलांत तेव्हा गोव्याहून आलेले वादक जॅझ वाजवीत असत. अमेरिकेचा क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन याच्या संगीताचा रामचंद्रांवर मोठा प्रभाव होता. सॅक्सोफोन, गिटार व माउथऑर्गन यांचा मेळ त्यांनी हिंदी गाण्यात आणला. ‘शहनाई’ (१९४७) मधील ‘आना मेरी जान संडे के संडे’ हे गाणे त्याचा पहिला मोठा स्फोट ठरले. प्यारेलाल संतोषी यांचे हलकेफुलके शब्द, मध्येच वाजणारी शिट्टी आणि चितळकर, मीना कपूर व शमशाद बेगम यांचे आवाज, असा हा मामला होता. तरुणांनी ते डोक्यावर घेतले. अभिरुचीची काळजी वाहणाऱ्यांनी मात्र नाके मुरडली.

दोन वर्षांनी ‘पतंगा’ (१९४९) आला. शमशाद बेगम यांच्यासह खुद्द चितळकरांनी गायिलेले ‘मेरे पिया गए रंगून’ हे त्यातले टेलिफोनवरचे गाणे. दुसऱ्या महायुद्धामुळे रंगून हे नाव घरोघरी ठाऊक झालेले होते. परदेशी गेलेला नवरा आणि इकडे विरहाने व्याकूळ बायको, हा आपल्या लोकगीतांतला जुनाच विषय. त्याला टेलिफोनची जोड देऊन गीतकार राजेंद्र कृष्ण यांनी गंमत केली आणि रामचंद्रांनी तिला पाय दिले. ‘समाधि’ (१९५०) मधील लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांचे ‘गोरे गोरे, ओ बांके छोरे’ हे लॅटिन अमेरिकी वळणाचे गाणेही असेच घराघरांत पोहोचले.

या गाण्यांची रचना पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्यात श्रोत्याला पकडायचे, तर मुखडा छोटा, मोजक्या स्वरांचा आणि पुन्हा पुन्हा येणारा हवा. ज्याला गाता येत नाही त्यालाही तो गुणगुणता आला पाहिजे. अशी चाल बांधणे ऐकायला सोपे वाटते, पण एकही स्वर फाजील झाला तर ती चाल कोसळते. रागदारीची तालीम रामचंद्रांना उपयोगी पडली ती नेमकी इथे, स्वरांची काटकसर करताना.

‘अलबेला’चे दिवस

भगवानदादा व रामचंद्र यांच्या मैत्रीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे ‘अलबेला’ (१९५१). नायक स्वतः भगवानदादा, नायिका गीता बाली. नायक ना देखणा, ना उंचापुरा. पण चितळकरांचा मिस्कील आवाज त्याच्या ओठी आला आणि सामान्य माणसाला पडद्यावर आपलाच कुणीतरी भाऊबंद नाचतो आहे असे वाटले. ‘शोला जो भडके’ मध्ये बाँगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र नाचतात. ‘भोली सूरत दिल के खोटे’ आणि ‘शाम ढले खिडकी तले’ ही गाणी आज पाऊण शतकानंतरही लग्नाच्या वरातींत व स्नेहसंमेलनांत वाजतात. गोव्याचे विख्यात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा या संगीतात मोठा वाटा होता आणि आपल्या वादकांसह ते याच चित्रपटात पडद्यावरही दिसतात. याच ‘अलबेला’त ‘धीरे से आजा री अंखियन में’ ही अंगाई आहे, हे मात्र अनेकदा विसरले जाते. नाचणारे पाय आणि पाळण्याची दोरी, दोन्ही एकाच हातात होते.

त्यानंतरच्या वर्षी, १९५२ मध्ये, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार असलेल्या केसकरांना चित्रपटगीते अभिरुची बिघडवणारी वाटत. आकाशवाणीवरून ती गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी आपल्या रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथून अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५३ च्या वार्षिक गीतमालेत अग्रस्थानी आले ते रामचंद्रांचेच गाणे, ‘अनारकली’तील ‘ये जिंदगी उसी की है’. ही चाल उडती नव्हे, तर भीमपलास रागाच्या आधाराने उभी राहिलेली, जिवाला चटका लावणारी आहे. ज्यांना ते थिल्लर गाण्यांचे कारागीर वाटत होते, त्यांना दुसरे उत्तर देण्याची गरज उरली नाही.

एका महिन्याचे काम आणि एका खेळाचे गाणे

‘आझाद’ (१९५५) ची कथा चित्रपटसृष्टीत आजही सांगितली जाते. निर्माते-दिग्दर्शक श्रीरामुलु नायडू यांना महिन्याभरात सगळी गाणी हवी होती. नौशाद यांनी इतक्या घाईत काम करण्यास नकार दिला. रामचंद्रांनी ते स्वीकारले व पूर्ण केले. त्या घाईत ‘राधा ना बोले’ ही बागेश्रीतील नितांत सुंदर रचना झाली आणि ‘अपलम चपलम’ हे अर्थहीन शब्दांचे खट्याळ गाणेही झाले. ‘कितना हसीं है मौसम’ हे गाणे तलत महमूद यांच्यासाठी होते. ते उपलब्ध झाले नाहीत तेव्हा चितळकरांनी ते तलत यांच्या धाटणीने स्वतः गायिले. आजही कित्येकजण तो आवाज तलत यांचाच समजतात.

पुढे ‘आशा’ (१९५७) आला. संगीताच्या खोलीबाहेर मुले खेळताना म्हणत असलेल्या मोजणीच्या शब्दांवरून ‘ईना मीना डीका’ सुचले, असे सांगतात. गीतकार राजेंद्र कृष्ण होते; सहायक जॉन गोम्स या गोमंतकीयाने त्यात ‘मला नको’ अशा अर्थाचे कोकणी शब्द घातले. एकदा ते किशोरकुमार यांनी गायिले, एकदा आशा भोसले यांनी. ओळीला अर्थ नाही, तरी ऐकणाऱ्याला काही उणे वाटत नाही. आपल्याकडे आट्यापाट्या, लगोरी खेळणारी मुले डाव कुणावर हे ठरवताना असेच शब्द वापरीत आली आहेत. रामचंद्रांनी त्या अंगणातल्या शब्दांना वाद्यवृंद दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू झाली व हद्दपार झालेली गाणी सरकारी रेडिओवर परतली.

दुरावा आणि एक अमर गीत

लताबाईंच्या आवाजातील गोडव्याला रामचंद्रांनी जितका वाव दिला तितका फार थोड्या संगीतकारांनी दिला. मात्र १९५८ च्या सुमारास दोघांत दुरावा आला. त्याच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली. परिणाम मात्र स्पष्ट होता. हाती असलेले सर्वांत प्रभावी साधनच काही काळ दूर गेले. व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’ (१९५९) मध्ये आशाताई व महेंद्र कपूर यांच्याकडून ‘आधा है चंद्रमा’ गाऊन घेत त्यांनी आपली ताकद दाखवली. तरीही उतार सुरू झालाच. दैवाची चेष्टा अशी की, जो पाश्चात्त्य वाद्यमेळ त्यांनी रुळवला, तो एव्हाना सगळेच वापरू लागले होते. वाट पाडणारा मागे पडला आणि वाटेवर गर्दी झाली.

चीनबरोबरच्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लताबाईंनी कवी प्रदीप यांचे ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायिले. चाल सी. रामचंद्र यांची होती. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या डोळ्यांत पाणी आले, ही आठवण सर्वज्ञात आहे. हे गीत आज प्रत्येक राष्ट्रीय दिनी, अगदी आपल्या भागातील आश्रमशाळांच्या पटांगणांतही, ऐकू येते. कुठेही अवघड तान नाही, अवघड उडी नाही. शाळकरी मुलाला गाता येईल अशी चाल आहे. ‘संडे के संडे’ साऱ्या गल्लीला गाता आले, त्याच सोपेपणाच्या बळावर हे गीत साऱ्या देशाला गाता आले.

अखेरचे पर्व

पुढच्या काळात ते मराठीकडे अधिक वळले. ‘धनंजय’ (१९६६) हा मराठी चित्रपट त्यांनी काढला. ‘घरकुल’साठी सुरेश भटांच्या ‘मलमली तारुण्य माझे’ या गीताला त्यांनी दिलेली चाल आशाताईंनी अजरामर केली आणि ‘पप्पा सांगा कुणाचे’ हे त्याच चित्रपटातील गाणे महाराष्ट्रातील दोन पिढ्यांनी आपल्या बाळपणी म्हटले. ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीत गोपाल’लाही त्यांनी संगीत दिले. १९७७ मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. वयाची ६४ वर्षे पूर्ण होण्यास अवघा एक आठवडा उरला असताना, ५ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने ओळखली जाणारी गाणी आज फार थोडी आहेत. ओळखीची गाणी मात्र असंख्य आहेत. वरातीत नाचणाऱ्या तरुणाला ‘शोला जो भडके’ कुणाचे हे ठाऊक नसते, बाळाला ‘पप्पा सांगा कुणाचे’ शिकवणाऱ्या आईलाही नसते. लोकगीताच्या कर्त्याचे नाव पुसले जाते आणि गाणे तेवढे उरते. काठीच्या होळीत रात्रभर चालणाऱ्या गाण्यांचे कर्ते कुणाला माहीत आहेत? चित्रपटाच्या बाजारात उभे राहून ज्याने गाण्याला लोकगीताची ही पायरी गाठून दिली, त्या पुणतांब्याच्या चितळकरांचे नाव मात्र मराठी माणसाने तरी पुसू देऊ नये.