फॅनी बर्नी : शुद्धीत दिलेला होकार

ईथरच्या साहाय्याने भूल देण्याचा गाजलेला जाहीर प्रयोग बोस्टन येथे १८४६ साली झाला. त्याच्या ३५ वर्षे आधी, ३० सप्टेंबर १८११ रोजी, पॅरिसमधील एका घरात इंग्लंडची नामवंत कादंबरीकार फॅनी बर्नी हिचा उजवा स्तन ती शुद्धीत असताना काढण्यात आला. त्या वेळी ती ५९ वर्षांची होती. ही शस्त्रक्रिया तिच्यावर कुणी लादली नव्हती. दीर्घ टाळाटाळ, विचार आणि पुन्हा विचार केल्यानंतर तिने स्वतः होकार दिला होता. तिच्या आयुष्यातील हा एक दिवस तिच्या काही कादंबऱ्यांपेक्षाही आज अधिक वाचला जातो, हे साहित्याच्या इतिहासातले एक विचित्र सत्य आहे.

फॅनीचा जन्म १३ जून १७५२ रोजी इंग्लंडमधील किंग्ज लिन या बंदराच्या गावी झाला. वडील डॉ. चार्ल्स बर्नी हे संगीतज्ञ आणि संगीताचे इतिहासकार. घरात गवई, नट, विद्वान यांची सतत ये-जा असे. पण या बुजऱ्या मुलीला उशिरापर्यंत अक्षरओळखही नव्हती. पुढे मात्र ती चोरून लिहू लागली. मुलीच्या जातीला लेखन शोभत नाही, या धास्तीने तिने वयाच्या पंधराव्या वर्षी आपली सगळी हस्तलिखिते जाळून टाकली. लिहिण्याची ओढ काही जळाली नाही. १७७८ मध्ये 'एव्हलिना' ही तिची कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली आणि लंडन शहर लेखकाचा शोध घेऊ लागले. खुद्द वडिलांनाही आरंभी ठाऊक नव्हते की लेखिका आपल्याच घरात राहते. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्यासारखा परखड विद्वान तिचा चाहता झाला. १७८२ साली 'सेसिलिया' आली. त्यानंतरच्या पिढीतील जेन ऑस्टिन ही तिची निष्ठावंत वाचक होती.

वडिलांच्या शब्दाखातर १७८६ मध्ये तिने राणी शार्लट हिच्या वस्त्रागारात नोकरी पत्करली. मान मोठा होता, पण जगणे दासीचे होते. पाच वर्षांत तिची प्रकृती पार ढासळली, आणि १७९१ साली वर्षाला शंभर पौंडांच्या निवृत्तिवेतनावर तिची सुटका झाली. दोन वर्षांनी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तिने अलेक्झांद्र दार्ब्ले या निर्वासित फ्रेंच सेनाधिकाऱ्याशी विवाह केला. तो निर्धन, परका आणि कॅथलिक. डॉ. बर्नी लग्नाला आले नाहीत. संसार मात्र सुखाचा झाला. १७९४ मध्ये मुलगा झाला, आणि १७९६ च्या 'कॅमिला' कादंबरीच्या उत्पन्नातून घरही उभे राहिले.

१८०२ साली तात्पुरता तह झाला म्हणून दार्ब्ले कुटुंब फ्रान्सला गेले. पुढल्याच वर्षी युद्ध पुन्हा पेटले आणि परतीची वाट बंद झाली. माहेरची पत्रेही क्वचितच पोहोचत. अशा परमुलखात, ऑगस्ट १८१० च्या सुमारास, फॅनीच्या स्तनात दुखू लागले.

प्रथम तिने दुर्लक्ष केले. दुखणे किरकोळ आहे, पथ्याने जाईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. डॉक्टरला दाखवण्याचा संकोचही होताच. पती आणि मैत्रिणी मागे लागल्या तेव्हा कुठे तिने तपासणीला संमती दिली. सम्राज्ञीचे प्रसूतितज्ज्ञ म्हणून प्रसिद्ध असलेले आंत्वान द्युब्वा आले. त्यांनी रुग्णाला धीराचे दोन शब्द सांगितले आणि खरे निदान सांगितले ते तिच्या पतीला. फॅनीने ते पतीच्या चेहऱ्यावरून वाचले. जिच्या देहाविषयी निर्णय घ्यायचा तिलाच अंधारात ठेवायचे, ही त्या काळची रीत होती. ती केवळ त्याच काळाची होती असे म्हणवत नाही.

त्यानंतर नेपोलियनच्या सैन्यातील विख्यात शल्यविशारद दोमिनिक-जाँ लारे यांच्याकडे प्रकरण गेले. रणभूमीवरून जखमींना त्वरेने हलवणाऱ्या रुग्णवाहिकांची कल्पना याच लारे यांची. शस्त्राने हातपाय छाटण्यात त्यांचा हातखंडा होता, पण या रुग्णाबाबत त्यांनी घाई केली नाही. आधी औषधोपचार करून पाहिले, काही काळ आराम पडला, गाठ पुन्हा बळावली. मग रिब आणि मोरो हे आणखी दोन वैद्य बोलावण्यात आले. अनेकांचे मत घेतल्यावर शस्त्रक्रियेखेरीज मार्ग नाही, असे ठरले. वेदना भयंकर होतील हे द्युब्वा यांनी या खेपेस तिच्यापासून लपवले नाही. उलट, रडू आले तर दाबू नये, असेही रिब यांनी बजावले. सत्य कठोर असले तरी ते कळल्यावर फॅनी अधिक स्थिर झाली.

होकार देताना तिने आपल्या अटी घातल्या. आगाऊ दिवस कळवू नये, केवळ काही तासांची सूचना द्यावी, म्हणजे झुरत बसावे लागणार नाही. पतीने ते दृश्य पाहू नये. यातली पहिली अट तिच्यावरच उलटली, कारण निरोप येता येता तीन आठवडे लोटले. अखेर एका सकाळी लारे यांची चिठ्ठी आली. पती कचेरीत अडकून राहतील अशी तजवीज तिने गुपचूप केली. विपरीत घडलेच तर असावेत म्हणून पतीला आणि मुलाला चार शब्द लिहून ठेवले. डॉक्टरांची वेळ दुपारवर गेली, तेव्हा ती दिवाणखान्यात फेऱ्या मारू लागली. तेथे पट्ट्या, स्पंज, कापसाचे ढीग मांडलेले पाहून तिला भोवळ आली.

काळ्या पोशाखातील सात पुरुष एकाएकी खोलीत शिरले. खाटेवर दोन जुन्या गाद्या घातल्या गेल्या. भूल म्हणून दिले ते केवळ मद्याचे पेय. तोंडावर तलम रुमाल टाकला, पण तो इतका विरळ की तिला त्यातून सर्व दिसत होते. द्युब्वा यांनी हवेत बोटाने आधी फुली आणि मग वर्तुळ काढले. गाठ नव्हे, संपूर्ण स्तन काढायचा आहे, हे तिला त्या खुणेवरून त्या क्षणी कळले. ती उठून बसली. वेदना एका जागी उगम पावते पण सर्वत्र पसरते, हे तिने स्वतः समजावून सांगितले. त्यांनी ऐकले, पण खूण पुन्हा तीच झाली. मग तिने डोळे मिटले आणि पुन्हा आडवी झाली. पहिला होकार अर्धवट माहितीवरचा होता. खरा होकार हाच.

शस्त्रक्रिया २० मिनिटे चालली. कापणे संपले असे वाटल्यावर छातीच्या हाडावरून खरवडणे सुरू झाले. या काळात ती दोनदा बेशुद्ध झाली. उचलून नेताना तिने डोळे उघडले तेव्हा लारे यांचा चेहरा तिच्याइतकाच पांढरा पडला होता आणि त्यावर रक्ताचे ओघळ होते. वेदना सोसणाऱ्या स्त्रीने शस्त्र धरणाऱ्याच्या मुद्रेची दखल घ्यावी, यातच ती लेखिका होती हे दिसते.

ही गाठ कर्करोगाचीच होती की काय, याविषयी पुढच्या काळातील काही वैद्यांनी शंका घेतली आहे, कारण फॅनी त्यानंतर २८ वर्षे जगली. निर्णायक उत्तर आता मिळणे अशक्य आहे. काय काढायचे आणि किती काढायचे, हा प्रश्न मात्र आजही स्तनावरील प्रत्येक शस्त्रक्रियेपुढे उभा असतो. सिलिकॉनचे पहिले स्तनरोपण १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे झाले. असे रोपण आयुष्यभर टिकण्याची हमी नसते, आणि ते काढून घेऊ पाहणारी स्त्रीही डॉक्टरांना हेच विचारते, की भोवतालचे आवरण काढणार की ठेवणार, नंतर देह कसा दिसेल, दुसऱ्याचे मत घ्यावे की नाही. भूल आली, जंतुनाशके आली, संमतिपत्रे आली. फॅनीपाशी यांतले काहीच नव्हते; तिने विचारलेले प्रश्न तेवढे आजच्यासारखेच होते.

या घटनेची हकिकत तिने थोरली बहीण एस्थर हिला पत्रातून कळवली. १८१२ च्या मार्चमध्ये सुरू केलेले हे पत्र जूनपर्यंत पुरे होत नव्हते. आठवणीनेच तिचे डोके ठणकू लागे, आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य तिला झाले नाही. वृद्ध वडिलांपर्यंत बातमी जाऊ नये, ही काळजी तिला होतीच. त्याच वर्षी, मुलाला नेपोलियनच्या सैन्यभरतीतून वाचवण्यासाठी, ती त्याला घेऊन इंग्लंडला परतली. १८१४ साली 'द वॉन्डरर' प्रसिद्ध झाली आणि टीकाकारांनी तिला झोडपले. त्याच वर्षी वडील गेले. वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी, १८१५ मध्ये, ती ब्रुसेल्समध्ये होती. १८१८ साली पतीचे निधन झाले. १८३२ मध्ये तिने वडिलांचे चरित्र तीन खंडांत प्रसिद्ध केले. १८३७ मध्ये एकुलता एक मुलगाही गेला.

६ जानेवारी १८४० रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी, लंडन येथे तिने देह ठेवला. बाथ शहरी पती आणि पुत्राच्या शेजारी तिचे दफन झाले. तिच्या रोजनिश्या आणि पत्रे १८४२ पासून छापली जाऊ लागली. एस्थरला लिहिलेले ते पत्र समग्र स्वरूपात वाचकांपुढे यायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. त्याचे हस्तलिखित न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातील बर्ग संग्रहात जतन करण्यात आले आहे.