मासारु इबुका : वॉकमनमागचा श्रोता

सोनी म्हटले की अकिओ मोरिता यांचे नाव प्रथम ओठांवर येते. कंपनीचे दुसरे संस्थापक मासारु इबुका मात्र काहीसे मागेच राहिले. वास्तविक, प्रवासात हेडफोन लावून उत्तम संगीत ऐकण्याची सोय जगाला लाभली ती या वृद्ध अभियंत्याच्या स्वतःच्या गैरसोयीमुळे.

११ एप्रिल १९०८ रोजी जपानमधील निक्को येथे जन्मलेल्या इबुका यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. १९३३ मध्ये ते वासेदा विद्यापीठाचे पदवीधर झाले. युद्धकाळात नौदलाच्या संशोधनकार्यात त्यांची मोरितांशी गाठ पडली. पराभवानंतर टोकियोतील बॉम्बहल्ल्याच्या खुणा वागविणाऱ्या एका इमारतीत त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे काम आरंभले आणि ७ मे १९४६ रोजी दोघांनी मिळून कंपनी स्थापन केली. १९५८ मध्ये तिचे नाव सोनी झाले. त्यांचा १९५० चा पहिला टेपरेकॉर्डर तब्बल ३५ किलोंचा होता आणि त्याची फीत कागदाची होती. १९५५ मध्ये त्यांनी जपानमधील पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आणला. यंत्र लहान करत नेणे हा इबुकांचा जणू ध्यासच होता.

१९७६ मध्ये ते मानद अध्यक्ष झाले. दैनंदिन कारभार इतरांकडे गेला. परदेशच्या लांब विमानप्रवासात संगीत ऐकण्यासाठी ते टीसी-डी५ हा स्टिरिओ कॅसेट रेकॉर्डर सोबत नेत. त्याचा ध्वनी उत्कृष्ट होता, पण वजन पावणेदोन किलोंच्या घरात आणि किंमत सुमारे एक लाख येन. सत्तरीच्या माणसाने ते ओझे किती वाहावे? पत्रकारांसाठी बनविलेला प्रेसमन हा छोटा रेकॉर्डर उपलब्ध होता, पण तो मोनो. हेडफोनवर मोनो ध्वनी ऐकताना दोन्ही कानांत एकच आवाज येतो आणि सारा वाद्यवृंद डोक्याच्या मधोमध कोंडल्यासारखा वाटतो.

इबुकांनी नोरिओ ओगा यांच्याकडे साधी मागणी केली : प्रेसमनमध्ये केवळ ऐकण्यापुरती स्टिरिओची सोय करून द्या. कोझो ओसोने यांच्या विभागाने ध्वनिमुद्रणाची यंत्रणा व स्पीकर काढून टाकला आणि त्या जागी स्टिरिओ परिपथ बसविला. हेडफोनला स्पीकरच्या मानाने अत्यल्प शक्ती लागते, त्यामुळे छोट्या बॅटऱ्याही पुरल्या. अडचण उरली ती हेडफोनचीच. त्या काळचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे असत. खिशातल्या यंत्राला ते शोभणार कसे? सुदैवाने कंपनीच्याच प्रयोगशाळेत अवघ्या ५० ग्रॅमच्या हेडफोनवर काम चालू होते. ही सांगड जुळली नसती, तर वॉकमन कदाचित एका मानद अध्यक्षांची हौस म्हणूनच राहिला असता.

मोरितांनी नमुना ऐकला आणि तो विक्रीस आणण्याचे ठरविले. ध्वनिमुद्रण न करणारे यंत्र कोण घेणार, ही शंका कंपनीतच होती आणि ती निराधारही नव्हती. १ जुलै १९७९ रोजी ३३,००० येन किमतीला वॉकमन आला. तयार केलेल्या ३०,००० नगांपैकी पहिल्या महिन्यात जेमतेम ३,००० खपले. ऑगस्टअखेर मात्र सारा साठा संपला!

तो पहिला वॉकमन सुमारे ३९० ग्रॅमचा होता. गंमत म्हणजे २०१६ मध्ये सोनीनेच काढलेला, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या कवचाचा हाय-रिझोल्युशन वॉकमन ४५५ ग्रॅमचा, म्हणजे त्याहूनही जड निघाला. असा प्लेअर निवडताना अनेकजण प्रथम बिट आणि किलोहर्ट्झचे आकडे पाहतात. इबुकांचा क्रम निराळा होता. आधी खांद्यावरचे ओझे, मग हेडफोन; आणि यंत्रात काय नको, हे त्यांनी आधीच ठरविले होते. स्टिरिओ ध्वनीवर मात्र त्यांनी पाणी सोडले नाही.

उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष यंत्रांपेक्षा बालशिक्षणाकडे अधिक वळले. १९६९ मध्येच त्यांनी त्यासाठी संस्था स्थापन केली होती आणि बालवाडीत जाईपर्यंत फार उशीर झालेला असतो, असे प्रतिपादन करणारे त्यांचे पुस्तक जपानबाहेरही गाजले. १९ डिसेंबर १९९७ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी टोकियोत त्यांचे निधन झाले.