मलिक अंबर : तलवारीपलीकडचा

मलिक अंबरचे नाव निघाले की गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणारा सेनानी डोळ्यांपुढे उभा राहतो. पण त्याचे सर्वांत टिकाऊ कार्य जमिनीखाली आहे.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात फिरत, बगदादमार्गे तो दक्षिणेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर शिपाईगिरी करीत तो स्वतःच्या पथकाचा नायक झाला. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले. निजामशाही बुडाल्यातच जमा होती. तेव्हा अंबरने दुसऱ्या मूर्तजाला गादीवर बसविले, ते आपल्याच जिल्ह्यातील परंड्यास! ज्याला स्वतःचे घर उरले नव्हते, त्याने एका राज्याला आसरा दिला.

१६१० मध्ये त्याने खडकी येथे राजधानी वसविली. १६१६ मध्ये मोगलांनी ती उद्ध्वस्त केली; अंबरने पुन्हा उभारली. पण राजधानीला तटाइतकीच पाण्याची गरज असते. त्याने उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे मुरलेले पाणी भूमिगत, चुनेगच्ची बांधणीच्या नहरीने शहरात आणले. ना मोट, ना रहाट. सारे काम उताराचे. हीच ती नहर-ए-अंबरी.

प्राचीन रोमचे जलवाहक कालवेही याच तत्त्वावर चालत. त्यांच्या उंच कमानी जगप्रसिद्ध आहेत. परंतु त्या कालव्यांचाही बहुतेक भाग जमिनीखालूनच जाई. झाकलेले पाणी उन्हाने आटत नाही, सहजी घाण होत नाही आणि शत्रूच्या नजरेसही चटकन पडत नाही.

१६२४ मध्ये भातवडीच्या रणात अंबरने मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजांना नमविले. १६२६ मध्ये तो निवर्तला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. अवघ्या दहा वर्षांत निजामशाही संपली. खडकीचे औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. सत्ता बदलल्या, नावे बदलली. अंबरची नहर मात्र त्याच्यामागे शतकानुशतके लोकांची तहान भागवीत राहिली.

दुष्काळ आपल्या जिल्ह्याला नवा नाही. परंड्याचा किल्ला पाहताना अंबरच्या तलवारीबरोबर त्याची पाण्याची दृष्टीही आपण आठवावी. राज्य राखणारे पुष्कळ झाले. रयतेच्या घागरीचा विचार करणारे थोडेच.