पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका आणि समाजसुधारक होत्या. विधवा व निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या ‘शारदा सदन’ आणि ‘मुक्ती’ या संस्थांमुळे त्या प्रसिद्ध आहेत. मुक्तीमध्ये त्यांनी छापखाना चालविला. खिळे जुळविण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतची कामे तेथे स्त्रिया करीत. धर्मांतराच्या वादामुळे त्यांच्या चरित्रातील हा भाग काहीसा मागे पडला आहे.

पूर्वायुष्य

रमाबाईंचा जन्म कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. आईकडून मुखोद्गत केलेले भागवताचे हजारो श्लोक हेच रमाबाईंचे पहिले शिक्षण. तीर्थक्षेत्री पुराणे सांगत फिरणाऱ्या या कुटुंबावर १८७० च्या दशकातील दुष्काळात आघात होऊन आईवडिलांचा अंत झाला. बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भ्रमंती करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. परंतु १८८२ च्या आरंभी पतीचे निधन झाले. मनोरमा ही त्यांची कन्या.

पुणे, इंग्लंड व अमेरिका

१८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. हंटर आयोगापुढील साक्षीत त्यांनी स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला (१८८७). अमेरिकेवरील त्यांच्या मराठी प्रवासवृत्तात (१८८९) तेथील स्त्रियांचे शिक्षण व व्यवसाय यांचे सविस्तर वर्णन आहे.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास हलविण्यात आले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या तेथील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी होत. धर्मांतराच्या आरोपांवरून १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मुक्तीचा छापखाना

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणल्या आणि त्यांना पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला. यातून उभ्या राहिलेल्या मुक्तीमध्ये शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय, तेलघाणा असे उद्योग शिकविले जात. अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीचीही सोय होती.

या उद्योगांत छापखान्याचे स्थान वेगळे होते. देवनागरीच्या जुळणीत मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे शेकडो प्रकारचे खिळे हाताळावे लागतात. खिळ्यावरील अक्षर उलटे असते. त्यामुळे शुद्धलेखन व वाचन पक्के असल्याशिवाय जुळारी होता येत नाही. साक्षरता आणि कसब येथे एकाच वेळी शिकावे लागे. त्या काळी छापखान्यातील ही कामे बहुतांशी पुरुषांकडेच असत. दुष्काळातून आलेल्या, कधी अक्षर न पाहिलेल्या मुली हे काम करू लागल्या, याचे मोल मुक्तीच्या धार्मिक कार्याच्या चर्चेत क्वचितच सांगितले जाते.

छापखान्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी ते मुळावरून केले. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी सोपी मराठी हा त्यांचा आग्रह होता. उतारवयात त्यांना ऐकू फारच कमी येत असे, तरीही लेखन व मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी सोडले नाही.

अखेर

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. संस्थेच्या कामात त्यांना साथ देणाऱ्या मनोरमा १९२१ मध्ये निवर्तल्या. रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले, तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. ते आजही रमाबाईंच्या नावाने ओळखले जाते. खिळे जुळविणाऱ्या व पाने बांधणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख मात्र ‘मुक्तीच्या मुली’ असा एकत्रितच होतो. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले.